हिशोबात न धरलेली वर्षं

प्रोजेक्टचं बाड हातात आलं की आधी मागची पानं उघडायची, ही माझी तीस वर्षांची सवय. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवत होतो. बीईच्या मुलांची काळी बुकं तपासायला यायची. पुढची पानं सगळ्यांची सारखी असायची: प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. काम खरंच झालंय का, ते मागे कळायचं. या पुस्तकाचं हस्तलिखित आलं तेव्हाही हात आपोआप शेवटच्या प्रकरणाकडे गेला. ते फेब्रुवारी १९९७ मध्ये संपतं. सत्तावीस वर्षांचा एक तरुण बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन हेलसिंकीहून कॅलिफोर्नियाला निघालाय, विद्यापीठाबाहेरच्या आपल्या पहिल्या नोकरीवर. तिथे पुस्तक थांबतं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सबद्दल लिहिणारे बहुतेक लोक जिथे रंगात येऊ लागतात, नेमक्या त्या जागी लेखिकेने लेखणी खाली ठेवली आहे.

तिला मी फोन करून विचारलं. ती माझी विद्यार्थिनी. आता पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे आणि हे पुस्तक तिने चार वर्षांच्या शनिवार-रविवारांत लिहिलं. ती म्हणाली, "सर, पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. मला तो नोकरीला लागायच्या आधी काय करत होता ते हवं होतं."

पुढचं खरोखरच सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीत २०१७ पासून लिनक्सशिवाय चालणारा एकही संगणक नाही. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं. हे एका परिच्छेदात सांगून होतं आणि लेखिकेनेही ते एकाच परिच्छेदात सांगितलं आहे. उरलेली पानं तिने एका मुलाच्या अकराव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंतच्या काळाला दिली आहेत.

त्यातलं मला सगळ्यांत जवळचं वाटलेलं प्रकरण आजोबांचं. लिओ टॉर्नक्विस्ट हे लिनसच्या आईचे वडील, हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. किमतींचा निर्देशांक काढण्याची त्यांच्या नावाची एक पद्धत अर्थशास्त्रज्ञ अजून वापरतात. १९८१ च्या सुमारास त्यांनी कमोडोर व्हिक-२० हा छोटा संगणक घेतला. स्मृती अवघी पाच किलोबाइट. आजोबांना त्यावर स्वतःची गणितं सोडवायची होती, पण कीबोर्डवर बोटं चालवायचा त्यांना कंटाळा. म्हणून ते बेसिक भाषेतले प्रोग्रॅम कागदावर लिहायचे आणि नातवाला मांडीवर घेऊन त्याच्याकडून टाइप करून घ्यायचे. मुलगा अक्षर-अक्षर टाइप करायचा, चूक झाली की दोघं मिळून शोधायचे. आजोबांचं काम उरकलं की यंत्र मोकळं असायचं, मग मुलगा माहितीपुस्तिकेतली उदाहरणं टाइप करून बघायचा. १९८३ मध्ये आजोबा गेले आणि तो संगणक नातवाकडे आला.

या प्रसंगात 'बालवयातच चमक दिसली' असं म्हणण्याजोगं काही नाही. एका म्हाताऱ्या माणसाला मदतनीस हवा होता आणि एका मुलाला आजोबांजवळ बसायचं होतं. आमच्याकडे जुन्या पेढीवर दिवाणजीच्या शेजारी बसून पोर खतावणी लिहायला शिकायचं, तशीच ही रीत. लेखिकेने चौथ्या प्रकरणात त्याच्या उपजत बुद्धीबद्दल बरंच लिहिलं आहे. तिथे माझं तिच्याशी जमलं नाही. बुद्धी होतीच, पण माझं माप आजोबांच्या मांडीकडे झुकतं.

पुढचं यंत्र सिंक्लेअर क्यूएल. शाळेच्या शेवटच्या वर्षांत, साठवलेल्या पैशांतून घेतलेलं. त्याच्यासाठी फिनलंडच्या दुकानांत सॉफ्टवेअर जवळपास मिळतच नसे. त्यामुळे मुलाने आपला एडिटर आपणच लिहिला, असेंब्लर लिहिला. फ्लॉपी चालवणारा मूळ प्रोग्रॅम त्याला पटेना, तर यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम उलगडून बघितली आणि फ्लॉपीचा ड्रायव्हरही स्वतःच रचला. बाजारात एखादी वस्तू मिळत नाही म्हणून ती घरी करायला घेणारा माणूस त्या वस्तूची नस ओळखू लागतो. ज्या बाईने लोणचं कधी विकत आणलं नाही तिला मिठाचा अंदाज हाताला असतो, तसं.

१९८८ मध्ये तो हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाला. मध्ये अकरा महिने सक्तीची लष्करी सेवा झाली. त्या काळाबद्दल पुस्तकात अडीच पानं आहेत आणि तेवढी पुरेत. खरी गोष्ट सुरू होते १९९० च्या उन्हाळ्यात. त्याच्या हाती अँड्र्यू टॅननबॉम यांचं ऑपरेटिंग सिस्टिमवरचं पाठ्यपुस्तक आलं. टॅननबॉम हे अॅमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातले प्राध्यापक. विद्यार्थ्यांना आतून बघता यावी म्हणून त्यांनी मिनिक्स नावाची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती आणि १९८७ च्या त्या पुस्तकात ती उलगडून दाखवली होती. त्याच शरद ऋतूत विद्यापीठात युनिक्सवर चालणारा एक संगणक आला. त्यावर एका वेळी सोळाच जणांना काम करता यायचं.

५ जानेवारी १९९१ रोजी त्याने ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला: वेग ३३ मेगाहर्ट्झ, चार मेगाबाइट रॅम. अर्थातच हप्त्यांवर. मिनिक्सच्या फ्लॉप्या टपालाने यायला महिनाभर लागला. तोवर तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम खेळत बसला. हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या लॅबमध्येही मुलं तोच गेम खेळत आणि मी मागून जाऊन स्क्रीन बंद करत असे.

इथून पुढची तीस-चाळीस पानं म्हणजे या पुस्तकाचा जीव. विद्यार्थ्यांनी ती सावकाश वाचावीत. लिनसला ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची नव्हती. त्याला घरून मोडेम लावून विद्यापीठाच्या संगणकाशी बोलायचं होतं, आणि मिनिक्समधली त्यासाठीची सोय त्याला कमी पडत होती. म्हणून त्याने टर्मिनलचा आपला प्रोग्रॅम लिहायला घेतला, तोही खाली कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम न घेता, थेट यंत्रावर. ३८६ ची चिप आतून कशी चालते ते त्याला कळून घ्यायचं होतं. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारतो की नाही हे बघायला त्याने दोन छोटी कामं चालवली: एक पडद्यावर ए अक्षर उमटवणार, दुसरं बी. दोन्ही अक्षरं आलटून-पालटून दिसायला लागली. त्याच दोन कामांना त्याने पुढे टर्मिनलच्या कामाला जुंपलं: एक कीबोर्डवरून मोडेमकडे नेणार, दुसरं मोडेमवरून पडद्याकडे आणणार.

टर्मिनल चालू लागलं. मग तिकडून उतरवलेल्या फाइली डिस्कवर ठेवता यायला हव्यात असं वाटलं. त्याला डिस्कचा ड्रायव्हर लागतो. तो लिहिला. डिस्कवरच्या मिनिक्सच्या फाइली वाचता यायला फाइल सिस्टिम लागते. तीही लिहिली. कौल शाकारायला वर चढलेल्या माणसाला वासा किडलेला दिसावा, वासा काढताना भिंत हलावी आणि वर्षाअखेर त्याने घरच नवं बांधलेलं असावं, तसं हे होत गेलं. लेखिका स्वतः प्रोग्रॅमर असल्यामुळे कुठली पायरी कुठल्या अडचणीतून आली ते तिने नेमकं दाखवलं आहे. असं लिहिणं मी मराठीत यापूर्वी वाचलेलं नाही.

आता आमच्याकडचं सांगतो, कारण हे पुस्तक आमच्या मुलांसाठी आहे. अंतिम वर्षाचं प्रोजेक्ट विकत मिळतं. कॉलेजच्या आसपास त्याची दुकानं असतात. विषय निवडा, पैसे भरा. प्रोग्रॅम, छापील बुक आणि व्हायवाला सांगायची उत्तरं एकत्र मिळतात. एक्स्टर्नल म्हणून मी ज्या-ज्या गावी गेलो तिथे हे पाहिलं. एकाच वर्षी तीन गावांत मला एकच ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली भेटली, चुकांसकट तीच. त्या मुलांचा मला राग कधी आला नाही. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं की बाबा, तुझं स्वतःचं काय अडलंय? विषय वरून यायचा, मुदत वरून यायची आणि मार्कांची विभागणीही वरूनच. हेलसिंकीतल्या त्या मुलाचं अडलेलं काम एवढंच होतं की घरात बसून विद्यापीठाशी बोलायचं, आणि ते त्याला कुणी दिलेलं नव्हतं.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवलं की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठी होणार नाही, पण तुम्हाला मिनिक्समध्ये काय आवडतं आणि काय नाही ते सांगा. बॅश आणि जीसीसी हे दोन प्रोग्रॅम तिच्यावर चालू लागल्याचंही लिहिलं. हे दोन्ही रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातले. लेखिकेने ते ठळकपणे नोंदवलं हे योग्य झालं, कारण लिनक्सची कथा सांगताना ग्नूचं नाव गाळायची खोड अनेकांना आहे. १७ सप्टेंबरला ०.०१ आवृत्ती आली, सुमारे दहा हजार ओळींची. लिनसने नाव 'फ्रीक्स' ठरवलं होतं. ज्याने सर्व्हरवर जागा दिली त्या आरी लेमकेला ते आवडलं नाही, त्याने फोल्डरचं नाव ठेवलं 'लिनक्स'. ते राहिलं.

आवृत्तीचा क्रमांक बघा: ०.०१. शंभरातला एक भाग झालाय असं तो उघड सांगतोय आणि तरीही बाहेर ठेवतोय. माझ्या वर्गातली हुशार मुलं अर्धवट काम दाखवायला लाजायची. वही छातीशी धरून ठेवायची आणि सबमिशनच्या दिवशीच उघडायची. त्याने अर्धवट काम दाखवलं म्हणून माणसं आली. जर्मनीतल्या एकाकडे फक्त दोन मेगाबाइट रॅम होती, त्यात जीसीसी मावेना. त्याच्या अडचणीसाठी लिनसने १९९१ च्या नाताळात मेमरीतली पानं डिस्कवर ठेवायची सोय लिहिली. ती त्याला स्वतःला नको होती. काही आठवड्यांत तीच गोष्ट लोकांना मिनिक्सकडून लिनक्सकडे ओढू लागली. आधीच्या परवान्यात कुणी पैसे घ्यायचे नाहीत अशी अट होती. १९९२ च्या सुरुवातीला त्याने ती काढून स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना लावला: विका, बदला, पण बदललेलं सर्वांसाठी खुलं ठेवा. बऱ्याच जणांनी त्याला पैसे द्यायची तयारी दाखवली होती. त्याने सांगितलं, गावाकडून पोस्टकार्ड पाठवा.

टॅननबॉम यांच्याशी झालेल्या वादाचं प्रकरण शिक्षकांनी अवश्य वाचावं. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं की लिनक्सची रचना जुनाट आहे, सगळा गाभा एकसंध ठेवणं म्हणजे मागे जाणं आहे, आणि तू माझा विद्यार्थी असतास तर या रचनेला चांगले मार्क मिळाले नसते. लिनसने त्याच रात्री सणसणीत उत्तर दिलं आणि नंतर सूर चढल्याबद्दल माफीही मागितली. बावीस वर्षांचा विद्यार्थी आणि ज्याचं पुस्तक वाचून तो शिकला तो प्राध्यापक. तत्त्वाच्या बाजूने टॅननबॉम यांचं म्हणणं पोकळ नव्हतं, छोट्या गाभ्याच्या रचनेचे फायदे आजही शिकवले जातात. पण मला त्यात वेगळंच दिसतं. प्रोफेसरांनी आपल्या पुस्तकातून एका अनोळखी मुलाला सगळं उघडून दाखवलं आणि त्या मुलाने त्यांच्याशी बरोबरीने वाद घातला. कुणी कुणाचा अपमान धरून बसलं नाही. माझ्या वर्गात किती मुलांनी मला असं खोडून काढलं, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि तो दोष त्यांच्याकडे जात नाही.

आता वर्षांचा हिशोब. १९८८ ला प्रवेश आणि पदव्युत्तर प्रबंध १९९७ चा. सैन्यातलं वर्ष वजा केलं तरी आठ वर्षं. आमच्याकडे एक विषय राहिला की एटीकेटी, चार राहिले की इयर डाउन, आणि इयर डाउन झालेल्या मुलाच्या घरी पाहुणे आले तर आई विषय बदलते. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या फॉर्मवर 'शिक्षणात खंड आहे का' हा रकाना ठेवतात. फिनलंडमध्ये विद्यापीठाला फी नव्हती, विद्यार्थ्यांना सरकारी मदत आणि स्वस्त कर्ज मिळायचं, आणि पदवीला उशीर झाला म्हणून कुणी तोंड फिरवत नव्हतं. आईवडील दोघे पत्रकार. आईच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत जाड पडदे ओढून तो महिनोन् महिने बसला. मोडेम लागलेला असला की घरचा फोन अडून राहायचा आणि बहिणीला तिच्या मैत्रिणींशी बोलता यायचं नाही. ती कुरकुरली, पण फोन कुणी उपटला नाही.

हे मी पुन्हा-पुन्हा सांगतोय, कारण आमच्याकडे ही कथा 'एका मुलाने घरात बसून जग बदललं' अशी सांगतात आणि ज्या घराने त्याला बसू दिलं ते घर गाळतात. आजोबांची मांडी, आईची खोली, बहिणीची कुरकुर, सरकारचं कर्ज, तगादा न लावणारं विद्यापीठ. इतक्या जणांनी मिळून त्याच्या काही वर्षांचा हिशोब मागितला नाही.

विद्यापीठातल्या नोकरीबद्दल पुस्तकात थोडंच आहे, पण गोड आहे. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे जेमतेम पाच-सहा टक्के, त्यांतला हा एक. १९९३ मध्ये तो स्वीडिश बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्राथमिक वर्गाला साहाय्यक शिक्षक म्हणून शिकवत होता. गृहपाठ होता, मला ईमेल पाठवा. टोव्हे नावाच्या विद्यार्थिनीने ईमेलमध्ये लिहिलं, फिरायला येणार का? ती कराटेतली राष्ट्रीय विजेती. त्यांचं लग्न झालं. १४ मार्च १९९४ रोजी १.० आवृत्ती आली तेव्हा ओळी १,७६,२५० झाल्या होत्या. त्याच वर्षी डिजिटल कंपनीतल्या जॉन हॉल यांनी त्याला अल्फा प्रोसेसरचा संगणक मिळवून दिला. त्यावर लिनक्स नेताना झालेली शिकवण म्हणजे त्याचा प्रबंध. तोवर लिनक्स चालवणारे लोक जगभर झाले होते आणि त्याची पदवी अजून व्हायची होती.

प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा उल्लेख परिशिष्टात आहे, तो मला आणखी मोठा हवा होता. एप्रिल २००५ मध्ये, लिनक्सच्या कामासाठी वापरत असलेल्या बिटकीपरची फुकट सोय बंद झाली, म्हणून त्याने काही दिवसांत गिट लिहिलं आणि काही महिन्यांत ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं. २०११ मध्ये समुद्रात बुड्या मारायची हौस असल्यामुळे बुड्यांची नोंद ठेवणारा सबसर्फेस हा प्रोग्रॅम लिहिला. दोन्हींची जात आजोबांनंतरच्या क्यूएलच्या फ्लॉपीचीच: स्वतःचं काहीतरी अडलं, हाताशी असलेलं पटेना. आज आमची मुलं गिटहबवर रोज काहीतरी टाकून हिरवे चौकोन भरत असतात, कारण मुलाखतीत विचारतात म्हणे. वैयक्तिक प्रोजेक्टसुद्धा आता सबमिशन झालं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिनक्स आमच्याकडे आलं ते 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबरच्या सीडीवरून, नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट जमला. पुढे तिथेच रेड हॅटच्या लोकांनी लोहित हा खुला देवनागरी फाँट सांभाळला, पडद्यावरचे मेन्यू मराठीत आणण्यासाठी लोकांनी संध्याकाळी बसून शब्द लावले. लेखिका त्यांतली एक होती. हे तिने पुस्तकात सांगितलेलं नाही, म्हणून मी इथे सांगतो.

एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या पुस्तकाला प्रस्तावना लिहायचा मला अधिकार नाही.

१९९९ मध्ये तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाने त्या सीडीवरून लॅबच्या संगणकावर लिनक्स टाकायचा प्रयत्न केला. चुकीचं पार्टिशन निवडलं. विंडोज, टर्बो सी, दोन बॅचेसचे प्रोग्रॅम, सगळं पुसलं गेलं. लॅबचा प्रमुख मी होतो. दंड बसवला आणि उरलेल्या टर्मसाठी त्याला लॅबबाहेर काढलं. त्या कागदावर सही माझी आहे. तो काही बोलला नाही. आता तो एका सहकारी बँकेत आहे, मुलंबाळं आहेत, रस्त्यात भेटला की पाया पडतो.

या हस्तलिखितात एक पान आहे. १९९१ च्या अखेरीस लिनसला मोडेमवरून विद्यापीठाला फोन लावायचा होता. मोडेमऐवजी त्याने ती आज्ञा चुकून हार्ड डिस्कला पाठवली. जिथे फोनचा नंबर जायचा तिथे तो डिस्कवर लिहिला गेला आणि मिनिक्सचं पार्टिशन निकामी झालं. यंत्र त्याचं स्वतःचं होतं, खोली आईची होती, रात्र होती.

ते पान मी फोटो काढून त्या मुलाला पाठवलं. बराच वेळ उत्तर आलं नाही. संध्याकाळी बँक सुटल्यावर त्याचा फोन आला. त्याने एकच विचारलं, "सर, मग त्याने मिनिक्स परत टाकलं का?"

मी म्हटलं, नाही. तो म्हणाला लिनक्स आता पुरेसं झालंय, आणि त्याच्यावरच काम करत राहिला.